थांबाभाऊ

सिंदी मेघेत कुणाला महागातला फोन घ्यायचा असला की तो आधी थांबाभाऊंकडे जातो. थांबाभाऊ सगळं ऐकून घेतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि सांगतात, "थांब. भाव पडते." तो माणूस मान डोलावतो, चहा पितो, गाडीला किक मारतो आणि तडक वर्ध्यात जाऊन फोन घेऊन येतो. मुलगी पसंत पडून हॉल बुक झाल्यावर पत्रिका दाखवतात, त्यातला हा प्रकार. सल्ला मानायचा नसतो, पण विचारायचा असतो. नाही विचारला आणि फोन बिघडला, तर पुढे जन्मभर "थांबाभाऊले इचारलं होतं का?" हे ऐकावं लागतं.

रेशन कार्डावर त्यांचं नाव वेगळं आहे. ते आता पोस्टमनलाही आठवत नाही.

वय पन्नाशीच्या आतबाहेर. एका कॉलेजात हिशेबाच्या टेबलावर नोकरी. देवळीकडे वडिलोपार्जित वावर, ते भाऊ पाहतो. आणि राहायला आमच्या गल्लीत. आमचं गाव वर्धा शहराला असं चिकटलं आहे की लग्नाच्या पत्रिकेत आम्ही 'वर्धा' छापतो आणि घराचा कर मात्र ग्रामपंचायतीत भरतो. शेजारी सावंगीचं मेडिकल कॉलेज. तिथली पोरं-पोरी इकडे भाड्यानं राहतात, आणि त्यांच्या हातात घरमालकाच्या दुचाकीपेक्षा महाग फोन असतात. त्या फोनांकडे संध्याकाळी ओट्यावरून बघता बघता थांबाभाऊंचा अभ्यास वाढत गेला.

त्यांच्या स्वतःच्या फोनबद्दल जरा जपून लिहावं लागेल. तो फोन आहे, असं कंपनीही आता म्हणत नाही. काचेवर डाव्या कोपऱ्यातून निघालेली चीर उजव्या कोपऱ्यापर्यंत पोचली आहे. चार्जरची पिन एका विशिष्ट कोनात धरून त्यावर गुळाची भेली ठेवली तरच चार्जिंग होतं. बोलताना समोरच्याला त्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, म्हणून ते ओरडतात; त्यामुळे त्यांचं बोलणं फोन न लावताही अर्ध्या गल्लीला कळतं. या फोनवरून थांबाभाऊ जगातल्या सगळ्यात महाग फोनांची परीक्षणं बघतात. कॅमेऱ्याचा नमुना म्हणून दाखवलेल्या फोटोतही त्यांना ती चीर दिसते. मग ते म्हणतात, "फोटो ठीक आहे, पण मधात एक रेघ येऊन राहिली."

ही थांबण्याची श्रद्धा त्यांनी हवेतून काढलेली नाही. त्यांच्या पिढीनं थांबून खरोखर पैसा वाचवला. एसटीडी बूथच्या बाहेर रात्री दर उतरण्याची वाट बघत उभी राहिलेली ही माणसं. मोबाईल आला तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडायचे; थांबाभाऊ थांबले. 2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि त्याच वर्षी नोकियाचा 1100 निघाला, तो टॉर्चवाला; तो त्यांनी घेतला. पुढे इंटरनेट महाग होतं. थांबले. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि काही महिने डेटा फुकटच मिळाला. टीव्ही असाच स्वस्त झाला, पेन ड्राइव्ह असाच स्वस्त झाला. विजेवर चालणारी वस्तू आज ना उद्या स्वस्त होतेच, हा नियम त्यांनी कुठे वाचला नव्हता, डोळ्यांनी पाहिला होता. त्या नियमाला एकच वस्तू बधली नाही, आणि नेमकं तिच्यावर त्यांचं मन बसलं.

ऑगस्ट 2008 मध्ये आयफोन भारतात पहिल्यांदा विकायला आला. 31,000 रुपये. थांबाभाऊ तेव्हा म्हणाले होते, "दोन वर्षांत दहा हजारावर येते." त्यानंतर नऊ वर्षांनी, नोव्हेंबर 2017 मध्ये, आयफोन टेन आला. 89,000 रुपये. दुसरा माणूस असता तर नाद सोडून दिला असता. थांबाभाऊंनी पोस्टात जाऊन महिना पंधराशेची पाच वर्षांची आरडी उघडली. तोवर भाव पडेल, आणि नाही पडला तरी आपले पैसे तिथवर पोचतील, असा दुहेरी बंदोबस्त.

नोव्हेंबर 2022 मध्ये आरडी पिकली. एक लाख आठ हजारांच्या वर थोडे हातात आले. त्या साली आयफोनच्या प्रो मॉडेलची किंमत होती 1,29,900. पासबुक आणि किंमत यांच्यातली दरी ते रात्री बराच वेळ बघत बसले, असं वहिनी सांगतात. ते पैसे मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशाला गेले आणि थांबाभाऊंनी दुसऱ्या दिवशी नवीन आरडी उघडली. यावेळी दोन हजारांची. महागाई धरून.

त्यांच्या आयुष्यात विजयाचा असा एकच सण आला, सप्टेंबर 2024 मध्ये. जुलैच्या बजेटात मोबाईलवरची कस्टम ड्युटी 20 टक्क्यांवरून 15 वर आली होती, प्रो मॉडेलची जुळणी भारतात होऊ घातली होती, आणि आदल्या वर्षी 1,34,900 ला असलेला प्रो फोन नव्या अवतारात 1,19,900 ला जाहीर झाला. पंधरा हजार खाली! थांबाभाऊंनी सकाळीच गोरस भांडारातून गोरसपाक आणून गल्लीभर वाटला. "म्या का म्हनलं होतं? पडला का नाही?" आम्ही सगळ्यांनी गोरसपाक खात कबूल केलं, पडला. मग कुणीतरी साधा प्रश्न विचारला, "मंग भाऊ, कधी आनता?"

थांबाभाऊंनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आता? अबे, आता तं पडाले सुरुवात झाली."

सप्टेंबर 2025 मध्ये नवा प्रो आला. 1,34,900. कंपनीनं साठवण दुप्पट केली होती, म्हणजे साठवणीस साठवण धरली तर वाढ फक्त पाच हजारांचीच होते, हे खुद्द थांबाभाऊंनीच आम्हाला समजावून सांगितलं. गोरसपाक मात्र आला नाही.

त्यांचा हिशेब हा स्वतंत्र विषय आहे. महाग म्हणजे किती महाग, हे ते रुपयात सांगतच नाहीत. "रुपयाचं काही खरं नाही," म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. त्यांच्याच वहीतला हा ताळा: अमेरिकेत 2017 चा तो फोन 999 डॉलरला होता, 2025 चा प्रो 1,099 ला. आठ वर्षांत शंभर डॉलर. आपल्याकडे तेवढ्याच काळात 45,900 रुपये. डॉलर तेव्हा पासष्टच्या आसपास होता, तो नव्वदीला टेकायला आला. 1 एप्रिल 2020 पासून मोबाईलवरचा जीएसटी 12 चा 18 टक्के झाला. वर कस्टम. "अन् फोन बनते कोठी? तामिळनाडूत!" इथे ते दोन्ही हात वर करतात. मला विचाराल तर त्या वहीतलं हे पान अर्थशास्त्राच्या वर्गात लावायला हरकत नाही.

अडचण पुढच्या पानापासून सुरू होते. तिथे फोन सोयाबीनमध्ये मोजला आहे. 2017 चा हमीभाव बोनस धरून 3,050 रुपये क्विंटल, म्हणजे तो फोन झाला एकोणतीस क्विंटलांचा. 2025 चा हमीभाव 5,328, म्हणजे नवा प्रो सव्वापंचवीस क्विंटलांचा. थांबाभाऊ हे पान वाचून स्वतःच चकित झाले. फोन स्वस्त झाला होता! सोयाबीनच्या मापानं भाव खरंच पडला होता, चक्क चार क्विंटलांनी. हा शोध ते देवळीला भावाकडे घेऊन गेले. भाऊ धुऱ्यावर बसून बिडी ओढत होता. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मार्केट यार्डात का भावानं गेलं मालूम आहे का तुले? चार हजाराच्या आसपास."

"म्हंजे मंग..." थांबाभाऊंनी तिथल्या तिथे भागाकार केला. "चौतीस क्विंटल. म्हंजे महागला. पण 2017 च्या मानानं..."

"2017 मधी तरी हमीभाव कोनाले भेटला होता?" भाऊ म्हणाला आणि बैल सोडायला उठला. ते पान त्या दिवसापासून स्टेपल करून बंद आहे.

सोन्याचं पान वहिनींनी लिहिलं. म्हणजे लिहिलं नाही, भाकरी थापता थापता बोलल्या. "2017 मधी तुमच्या त्या फोनात तीन तोळे येत होते. तेव्हा तीन तोळे घेऊन ठेवले असते, तं आज त्यातला एक तोळा मोडून फोन आला असता, अन् दोन तोळे माझ्या गळ्यात राह्यले असते." थांबाभाऊंनी ताळा करून पाहिला. बरोबर निघाला. त्या रात्री ते जेवले कमी.

एकदा त्यांनी सॅमसंगकडेही वळून पाहिलं. जानेवारी 2024 मध्ये सॅमसंगचा अल्ट्रा 1,29,999 ला आला, आणि कंपनीनं सात वर्षं सॉफ्टवेअरचे अपडेट देण्याचं वचन दिलं. थांबाभाऊंना वचन ही गोष्ट फार आवडते. सात वर्षांचे दिवस किती, भागिले किती, दिवसाला एक्कावन्न रुपये. "रोजच्या दोन प्लेट तर्री-पोह्यांत अल्ट्रा फोन!" सकाळच्या पोह्यांच्या ठेल्यावर त्यांनी हे जाहीर केलं तेव्हा दोन जण प्रभावित झाले. ठेलेवाल्यानं फक्त एवढंच विचारलं की, "भाऊ, सात वर्षं एकच फोन वापरनारा मानूस इतका महाग फोन कायले घेईन?" हा प्रश्न मला आजवर वाचलेल्या सगळ्या परीक्षणांपेक्षा भारी वाटला. सात वर्षं टिकवण्याची वृत्ती आणि एक लाख तीस हजार टाकण्याची वृत्ती एका देहात नांदत नाहीत. अपवाद थांबाभाऊंचा. ते नक्की टिकवतील. फक्त घेतील तेव्हा.

घेण्याची तयारी मात्र सतत चालू असते. त्यांच्या कपाटात एक खण आहे. त्यात तीन पिढ्यांच्या प्रो फोनची कव्हरं आणि काचा आहेत, सगळी सेलमध्ये घेतलेली. फोन यायच्या आधी कव्हर स्वस्तात मिळालं तर ते सोडायचं कशाला? पण कंपनी दर एक-दोन वर्षांनी कॅमेऱ्याची जागा नाहीतर कडेचं बटण सरकवते, आणि खणातलं सगळं एका रात्रीत निकामी होतं. 2023 मध्ये टायटॅनियमची कड आली तेव्हा ते हळहळले होते की असल्या धातूवर दीडशेचं रबरी कव्हर चढवणं पाप आहे. दोन वर्षांत प्रो पुन्हा ॲल्युमिनियमवर आला. "पाह्यलं? टायटॅनियम येऊन गेलं. म्या घाई केली असती तं?" एक अख्खा धातू आला आणि गेला, थांबाभाऊ जागचे हलले नाहीत.

गेल्या दिवाळीत आमच्या गल्लीतला एक पोरगा पुण्याहून आला. हिंजवडीत नोकरीला आहे. त्याच्या हातात नवा प्रो, भडक नारिंगी. हप्त्यावर घेतलेला. पोरानं तो ओट्यावर थांबाभाऊंच्या पुढ्यात ठेवला तशी गल्ली जमली. थांबाभाऊंनी आधी पायजम्याला हात पुसले. मग फोन उचलला, तळहातावर तोलला, उलटा केला, कानाला लावून पाहिला. तेवढ्यात कारंज्याकडून आलेले एक काकाजी म्हणाले, "आमच्याकडे संत्र्याले भाव नाही, अन् संत्र्याच्या रंगाच्या फोनले एक लाख चौतीस हजार!" हशा पिकला. थांबाभाऊ हसले नाहीत. ते कॅमेरा लावून समोरच्या निंबावरचा कावळा जवळ आणत होते. आठपट. कावळ्याचा डोळा दिसला. चीर नसलेल्या काचेत त्यांनी बहुधा कित्येक वर्षांनी काही पाहिलं असेल. बराच वेळ ते काही बोललेच नाहीत.

"कसा आहे, भाऊ?" पोरानं थांबाभाऊंना विचारलं.

"फोन चांगला आहे," थांबाभाऊ सावरले. "पण मे महिन्यात का करशीन? कंपनीच सांगते, शून्य ते पस्तीस डिग्रीत वापरा म्हून. आपल्या इथं पंखा बंद केला तं मार्चातच पस्तीस होते. मे मधी पंचेचाळीसच्या वर. म्हंजे वर्षातले तीन महिने तुह्या फोनले वर्धा जिल्हाबंदी आहे."

हे खरंच तसं आहे. उन्हाळ्यात बजाज चौकात दुपारी हा फोन काढला, तर तो गार होईपर्यंत थांबा अशी सूचना दाखवू शकतो. म्हणजे लाखाचा फोनही शेवटी थांबाभाऊंचंच वाक्य बोलतो.

हप्त्याचं म्हणाल तर त्यावर थांबाभाऊंचा विशेष राग. ज्या वर्ध्यात बजाज म्हटलं की जमनालालजी आठवायचे, गांधीजींना इथे आणणारे, 1921 मध्ये रायबहादुरी परत करणारे, त्या वर्ध्यात आज पोरांना बजाज म्हटलं की हप्त्याचं कार्ड आठवतं. थांबाभाऊंचं म्हणणं असं की, किमती वाढवणारा माणूस कंपनीत बसलेलाच नाही, तो हप्त्यात बसला आहे. लाखाची वस्तू कुणी लाखाला घेतच नाही; महिन्याला साडेपाच हजारांना घेतो. मग कंपनी दहा हजार वाढवते तेव्हा घेणाऱ्याला वाढ दिसते चारशेची. मी पुष्कळ विचार केला, मला यात खोट सापडली नाही. पण हे सगळं ज्याला पटतं तोही हप्ता भरतोच, कारण त्याला फोन नको असतो. ओट्यावर फोन ठेवल्यावर जमते ती गल्ली हवी असते. थांबाभाऊंना ती गल्ली फुकटात मिळते, तीही बारा महिने. या व्यवहारात खरा फायदा कुणाचा, ते तुम्हीच पाहा.

पाहुणे आले की थांबाभाऊ त्यांना सेवाग्रामला नेतात. सगळेच नेतात. पण बाकीचे बापूकुटीपाशी गंभीर होतात, थांबाभाऊ टेलिफोनपाशी. गांधीजींशी तातडीनं बोलता यावं म्हणून इंग्रज सरकारनं आश्रमात बसवलेला तो फोन. 1936 मध्ये बापू तिथे राहायला आले ते झोपडीला पाचशेच्या वर खर्च होता कामा नये, अशी अट घालून. थांबाभाऊ पाहुण्यांना दोन्ही गोष्टी एका दमात सांगतात आणि निष्कर्ष काढतात, "पाहा. बापूंनं फोन घ्यायची घाई नाही केली. तं व्हाइसरॉयनं घरी आनून देल्ला."

ऑनलाइनवर त्यांचा विश्वास नाही, त्यालाही स्थानिक कारण आहे. या जिल्ह्यात सिंद्या दोन. एक आमची मेघे, दुसरी सेलू तालुक्यातली सिंदी रेल्वे, तान्ह्या पोळ्याच्या मोठमोठ्या लाकडी नंदींसाठी गाजलेली. एका भाडेकरू डॉक्टर पोरीचा फोन तिकडे गेला, आणि तो इकडे येईपर्यंत ॲपवर चार हजारांची सूट लागली. बिचारी रडकुंडीला आली. थांबाभाऊंनी तिला पाणी दिलं आणि म्हणाले, "बेटा, तू थांबली नाही. पार्सल थांबलं."

आता वहिनींचं. वहिनी दवाखान्यात नर्स आहेत. यंदा उन्हाळ्यात त्यांचा फोन कूलरच्या टाकीत पडला. संध्याकाळी ड्युटीवरून येताना त्या वर्ध्यात उतरल्या, एका दुकानात शिरल्या आणि साडेतेरा हजारांचा फोन रोख देऊन घेऊन आल्या. थांबाभाऊंना विचारलं नाही. आमच्या गल्लीच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं, आणि तेही त्यांच्याच घरात.

थांबाभाऊंनी दोन तास तो फोन तपासला. प्रोसेसर पाहिला, स्क्रीनचे रंग पाहिले, अंधारात पाहिला, उजेडात पाहिला. मीही नेमका चहाला होतो.

"वाईट नाही," शेवटी निकाल आला. "पण घाई केली. दिवाळीत बाराशेनं कमी झाला असता."

"दुकानदार तं म्हने पुढच्या महिन्यात वाढनार आहे. मेमरीच्या चिपा सगळ्या ते कॉम्प्युटरवाले उचलून राह्यले म्हने."

"ते डेटा सेंटरवाले," थांबाभाऊंनी दुरुस्ती केली, मग भानावर आले. "दुकानदार असंच म्हनते."

"अन् दिवाळीलोक मी माईसंगं कशी बोलू? तुमच्या फोनवरून? परवा बोलली तं माई म्हने, घरात कोनी भांडून राह्यलं का?"

यावर थांबाभाऊंकडे उत्तर नव्हतं. वहिनी फोन घेऊन आत गेल्या, आतून त्यांचा आईशी हळू आवाजात चाललेला संवाद ऐकू येऊ लागला. त्या घरातून फोनवरचं हळू बोलणं मी प्रथमच ऐकत होतो. थांबाभाऊ थोडा वेळ कपाकडे बघत बसले. मग एकदम उठले, दारापाशी गेले आणि ओरडले, "अवं, डबा फेकला तं नाही ना? डबा असला तं एक्स्चेंजमधी पाचशे जास्त भेटते!"